जुबेदाचा कोरा दिवस

जुबेदा, तुझा व्हिसा काल आला. बाकीच्यांबरोबर, एकाच पाकिटात. पासपोर्ट वाटायला काढले तर सगळ्यात वर तुझाच. फोटोत तू नेहमीसारखी फोटोवाल्यावर चिडलेली. मी तो बाजूला ठेवला, उरलेले नावाप्रमाणे लावले आणि तुझ्या लेकीला, सायराला, फोन केला की अम्मीचा पासपोर्ट घेऊन जा. ती म्हणाली, असू द्या मावशी तुमच्याजवळच. मी म्हटलं, ऑफिसच्या कपाटात जागा नाही. मग ठेवला. कपाटात जागा आहे हे तुलाही माहीत आहे.

तू गेल्यापासून दोन तऱ्हेची माणसं येतात. काही जण तू किती चांगली होतीस ते सांगायला येतात. त्यांना मी चहा देते आणि ऐकून घेते, वाद घालत नाही. दुसऱ्या आपल्या बाया, आपल्याबरोबर जग फिरून आलेल्या. त्या सतरंजीवर बसतात, डोळ्यांना पदर लावतात, आणि उठताना उंबऱ्यात थांबून हळूच विचारतात, "मंग समरकंदचं काय करता?" विचारताना त्यांना ओशाळल्यासारखं होतं. मला मात्र तो प्रश्न बरा वाटतो. त्याचं उत्तर देता येतं. तू कशी अचानक गेलीस, याचं देता येत नाही.

उत्तर द्यायचं तर पोळ्याच्या आत द्यायला हवं होतं. सहल रद्द करायची, की तुझ्याशिवाय न्यायची. पहिल्या दिवशी मी रद्दच केली होती, मनात. समरकंद तुझं होतं. मी शेवटपर्यंत पुन्हा स्वित्झर्लंड म्हणत होते.

आपला सगळा कारभारच उलटा होता. इतर सहल कंपन्या मे महिन्यात माणसं हलवतात. आपण पोळा झाला की निघायचो आणि वेचणी लागायच्या आत परत यायचो, कारण आपल्या बायांना तेवढीच सवड. निंदण उरकलेलं असतं, कापूस अजून फुटायचा असतो. पण तेच दिवस नेमके पितृपक्षाचे. पहिल्याच वर्षी अंजनगावच्या वनमालाबाई अडून बसल्या, की पितरांच्या पंधरवड्यात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. तू बाळापूरच्या उर्दू शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई, तुझा पितृपक्षाशी संबंध काय? पण तूच म्हणालीस, "बाई, त्यायले बी संग घ्या. बिचारे शेगावच्या पुढं कधी गेलेच नाई." वनमालाबाईंनी विचार केला आणि विमानात बसल्या. सिंगापूरला हॉटेलच्या खिडकीत त्यांनी रोज सकाळी घास ठेवला. कावळा काही आला नाही, पण त्यांचं समाधान झालं.

त्या वर्षांत सहली काढणं सोपं नव्हतं, हे आता लोक विसरतील. पेपर उघडला की शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत आपल्याच तालुक्यांची नावं. माझ्या थोरल्या दिरांनी भर पंगतीत ऐकवलं, की गावात मयतीवर मयत होऊन राह्यली अन् तुमी बाया घेऊन विमानात बसून राह्यल्या. तू वाढत होतीस. वाढता वाढता म्हणालीस, "भाऊजी, बाया घरी बसल्यानं एक मयत टळते म्हणा, उद्याच कुलूप लावू." आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी टाकलीस. त्यांनी खाल्ली. ते आजही तुझ्यावर चिडून आहेत आणि तुझ्या मातीला सगळ्यात आधी तेच पोचले होते.

अमरावतीला कॉलेजात आपण एका बाकावर बसायचो. तेव्हापासून आपलं हे असंच. मला वेळापत्रक लागतं, तुला खिडकी. मी अकोल्यात दुसऱ्याच्या ऑफिसात तिकिटं काढत होते तेव्हा तू सुट्टीत यायचीस आणि भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहायचीस. एकदा म्हणालीस, तीस वर्षं मी पोरींना या नद्या पाठ करायला लावते आणि स्वतः बाळापूरची मन नदी सोडून एकही पाहिली नाही. त्या वाक्यातून आपली कंपनी निघाली. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत. फलक तू रंगवून आणलास, मराठीत आणि उर्दूत.

लोक विचारतात, एवढं जग पाहिलं, आवडलं काय? स्वित्झर्लंड मला आवडलं. गाडी ज्या मिनिटाला यायची त्या मिनिटाला येते, अशा देशाबद्दल माझ्या मनात आदर आहे. वनमालाबाईंना तो देश पटला नाही. सारा पहाड बर्फाचा अन् प्यायले पाणी इकत घ्या लागते, हे त्यांनी परत आल्यावर अर्ध्या अंजनगावला सांगितलं. तू तिथं कंटाळलीस. तुला इस्तंबूल आवडलं, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे, कारण मी तिथं उभी होते.

गल्लीतली एक जुनी दगडी पाणपोई होती, वर जुन्या, उर्दूसारख्याच लिपीत कोरलेलं. तू थांबलीस आणि अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचायला लागलीस. अर्थ तुला कळत नव्हता. अर्थ कळला तो शेजारच्या चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला. जन्मभर त्या पाणपोईवर पाणी प्यायलेला माणूस, पण ती लिपी त्याला येत नव्हती. त्याच्या आज्याच्या काळात ती जाऊन रोमन आली. तू चुकीच्या उच्चारात वाचलंस, त्यानं बरोबर करून परत म्हटलं, मग दुकानातल्या सगळ्यांना हाक मारली. गाईडनं सांगितलं, लिहिलंय की पाणी प्या आणि बांधणाऱ्यासाठी दुआ करा. पुढचा तास आपण तिथंच होतो. लहान पेल्यातला चहा एकामागून एक येत राहिला आणि ज्या राजवाड्याची वेळ मी ठरवून ठेवली होती, तो आपण धावत पाहिला. मी तेव्हा बोलले नाही. बाळापूरच्या बाईनं इस्तंबूलच्या माणसाला त्याच्याच गल्लीतली पाटी वाचून दाखवली, यावर काय बोलणार? समरकंदचं वेड तुला तिथं लागलं. समरकंदच्या भिंती अशाच लिहिलेल्या आहेत म्हणालीस, आणि त्या मी तुमाले वाचून दाखवीन.

इजिप्तला मात्र मी बोलले, आणि आपलं मोठं भांडण झालं. ते अजून संपलेलं नाही. आज ते मी पुढं नेते आहे, कारण मध्ये एक नवीन गोष्ट कळली.

आठवतं ना, कैरोहून समुद्राकडे निघालो होतो. शेतांमधून जाणारा रस्ता, कालवे, म्हशी, बगळे. माती आपल्यासारखी काळी. आणि एकाएकी दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पांढराशुभ्र, कमरेच्या वर गेलेली झाडं. बसमध्ये आधी सगळ्या खिडक्यांकडे सरकल्या. मग वनमालाबाई म्हणाल्या, "वो माय, पऱ्हाटी पाह्य. आपल्याकडं याले जंगल म्हणलं असतं." तू गाईडला, हसनला, म्हणालीस बस थांबव. मी म्हटलं थांबवू नको, समुद्रावरचा किल्ला बंद होईल. कुराणातल्या अरबीत बस थांबवा कसं म्हणतात हे तुला येत नव्हतं, म्हणून तू सरळ ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवलास.

बाया उतरल्या. बघायला म्हणून उतरल्या. पण फुटलेलं बोंड समोर असताना आपल्या बाईचे हात बाजूला लोंबकळत राहत नाहीत. एकीनं पदराची ओटी केली. मग दुसरीनं. बघता बघता सगळ्या ओळी धरून लागल्या, दोन्ही हातांनी, तोंडानं बोलत, घरच्या शेतात असल्यासारख्या. परक्या देशात, परक्याच्या रानात. चोरी करतो आहोत हे एकीच्याही ध्यानात आलं नाही. शेताचा मालक काठी घेऊन ओरडत आला तेव्हा त्या चकित झाल्या, की हा कोणावर ओरडून राह्यला?

हसननं कपाळाला हात लावला. वनमालाबाई मात्र पुढं झाल्या आणि त्यांनी आपली ओटी त्या माणसासमोर धरली. त्यात एक वाळकं पान नव्हतं. त्यानं चिमूटभर कापूस घेतला आणि दोन अंगठ्यांमध्ये ओढून धागा पाहिला, अगदी आपल्या बाजारात पाहतात तसा. मग काठी खाली ठेवली आणि बायकोला हाक मारली. ती आली, तिनं वनमालाबाईंचा हात हातात घेऊन उलटा केला. बोंडाच्या काट्यांनी नखांच्या कडेला पडलेल्या काळ्या चिरा. तिनं आपली बोटं शेजारी ठेवली. तशाच. त्या दोघी कापसाच्या भावाबद्दलही बोलल्या. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती, पण भाव विचारला की हात कसा झटकतात ते दोन्हीकडे सारखंच निघालं. त्यांनी भाकरीसारखा रोट आणि खारं चीज दिलं, आपण फल्लीदाण्याची चटणी दिली. ती तिखट लागून तो मालक उभ्याउभ्या नाचला. ओट्यांमधला सगळा कापूस बायांनी त्याच्या ढिगावर नेऊन टाकला.

चांगला प्रसंग होता. मी कधी नाही म्हटलं नाही. तू पुढं प्रत्येक सहलीच्या माहितीसभेत तो सांगितलास, आणि छान सांगायचीस.

फक्त एक गोष्ट तू त्यात कधी सांगितली नाहीस. शेवंताबाई बसमधून उतरली नव्हती.

डोकी मोजायची माझी सवय, म्हणून माझ्या लक्षात आलं. शेवंताबाई आपल्याच बाळापूर तालुक्यातली, उपकेंद्रावर नर्स. नवरा शेती पाहायचा, कापूस लावायचा. तो कसा गेला हे त्या वर्षांत आपल्या भागात कोणी कोणाला विचारत नसे. मी बसमध्ये चढले तर तिनं खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. मी पाण्याची बाटली दिली. तिनं घेतली आणि एवढंच विचारलं, "ताई, किल्ला कधी येते?"

तिनं समुद्र पाहिला नव्हता. समुद्रात उभा असलेला तो किल्ला आपल्या माहितीपत्रकावर छापलेला होता, आणि त्या चित्रासाठी ती आली होती. आपण पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि दार बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बस परत निघायची होती.

जेवणाच्या टेबलावर मी तुला ऐकवलं. तू म्हणालीस, "किल्ले तं पोस्टकार्डावर बी दिसते. आजचं दिसलं असतं काय?" मी म्हटलं, शेवंताबाईले किल्ला पाहायचा होता. कापूस तिनं लय पाहून ठेवला. मग उठता उठता बोललीस, "तुले घड्याळ समजते कुसुम, माणूस नाई समजत." मी म्हटलं, घड्याळ पाळलं असतं तं त्या माणसाले समुद्र दिसला असता. त्यानंतर तू माझ्याशी थेट कैरोच्या विमानतळावर बोललीस, तेही वजनकाट्यावर पिशवी चढवायला मदत हवी होती म्हणून.

पुढं किती वेळा हे उकरलं आपण. अकोला-अमरावती बसमध्ये, धारणीच्या जीपमध्ये, सायराच्या लग्नात बिर्याणीच्या देगेपाशी. दर वेळी मी शेवंताबाईवर येऊन थांबायचे आणि दर वेळी तू विषय बदलायचीस. मला वाटायचं, तुझ्याकडे उत्तर नाही.

मग समरकंदचा कार्यक्रम लिहिलास तू, आणि त्यात चौथा दिवस कोरा सोडलास. तारीख, वार, पुढं काहीच नाही. मी त्यात बाजार टाकला, तुतीच्या सालीचा कागद करतात ते गाव टाकलं. तू खोडलंस. मी परत लिहिलं. माझं म्हणणं साधं होतं, की लोक कोऱ्या कागदावर विश्वास ठेवून घराबाहेर पडत नाहीत. त्या दिवशी काय, असं विचारलं तर काय सांगू? तू म्हणायचीस, सांग की काही नाही. दवाखान्यात तुला भेटायला आले, हाताला सलाईन होतं, आवाज खोल गेला होता, आणि तू विचारलंस काय तर, "दिवस कोरा ठेवला का?" मी म्हटलं, आधी बरी हो, मंग भांडू. तू हसलीस. "बरी झाली का तूच जिंकते."

ते आपलं शेवटचं बोलणं. तुझी मय्यत निघाली तेव्हा मी आत बायकांमध्ये होते, सायराचं डोकं माझ्या मांडीवर. मनात एक वाक्य फिरत होतं, की ठेवते म्हणायला माझं काय जात होतं? पण मी खोटं बोलले असते, आणि तू ओळखलं असतंस. म्हणून त्याची हळहळ मी करत नाही.

मागच्या आठवड्यात शेवंताबाई आली. आता निवृत्त झाली, चष्मा लागला. चहा घेतला, आणि मग तिनं सांगितलं की तू तिला समुद्रावर नेलं होतंस.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता. मी सामानाच्या चिठ्ठ्या लावत होते. तू तिला उठवलंस, टॅक्सी केलीस. किल्ला उघडलेला नव्हताच. तुम्ही दोघी समोरच्या कठड्यावर बसलात, भाजलेली कणसं खाल्लीत. लाटांचं पाणी अंगावर उडत होतं. शेवंताबाईनं तुला सांगितलं, की मॅडम, मले पांढरं वावर पाहावत नाई, डोळ्यापुढं दुसरंच येते. तू काही समजूत घातली नाहीस म्हणाली. मग म्हणालीस, "कुसुमचं बरोबर होतं. पण तिले सांगू नको, डोक्यावर बसते."

आणि पुढंही एक म्हणालीस. की आता कधी कुठं गेलो तर एक दिवस असा ठेवू, जिथं कोणालाच ओढून न्यायचं नाही. ज्याले कापूस पाहायचा थे कापूस पाहीन, ज्याले समुद्र थे समुद्र, अन् ज्याले काहीच नाई थे झोपीन.

जुबेदा, मला राग आला. शेवंताबाई गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. ही एवढी गोष्ट तू मला तोंडावर सांगितली असतीस, तर तो दिवस मी त्याच संध्याकाळी कोरा छापून आणला असता. इतकी वर्षं मी तुझ्यापुढं जे नाव फेकत होते, त्याचंच उत्तर तू कार्यक्रमात लिहिलं होतंस, आणि मी त्यात कागदाचं गाव भरत बसले. पण तुझी खोड मला ठाऊक आहे. तू चूक सुधारायचीस, मान्य करायची नाहीस. शाळेतल्या पोरींनाही तसंच शिकवलं असशील.

माझ्याकडूनही एक बोलायचं राहिलं, ते सांगून टाकते. तू नसतीस तर मी जन्मभर दुसऱ्यांची तिकिटं काढली असती आणि ती सगळी वेळेवर काढली असती. झालं.

समरकंदची सहल जाते आहे. तिकिटं पक्की केली. ज्या भिंती तू वाचून दाखवणार होतीस, त्या आम्ही नुसत्या बघू. निळ्या आहेत म्हणतात. सायराला विचारलं येतेस का, तर ती म्हणाली पुढच्या वेळी. जबरदस्ती केली नाही.

कार्यक्रम छापायला दिला तर छापखान्यातून फोन आला, मॅडम, चौथ्या दिवसाचा मजकूर राहिला. मी म्हटलं, राहिला नाही, तसाच जाऊ दे. काल पासपोर्टांबरोबर तो कागदही वाटला. वनमालाबाईंनी डोळ्यांजवळ धरून वाचला आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं.

"या दिवशी काय हाय?"

मी सांगितलं, काही नाही. ज्याला जिथं जायचं तिथं.

त्यांनी विचार केला. "तिकडं कापूस असते म्हणते."

असतो म्हटलं. आपण जाऊ तेव्हा फुटलेलाच असेल.

"मंग जुनं लुगडं घ्या लागन. ओटीले."

शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, तिथं समुद्र आहे का? मी म्हटलं नाही, तिथून समुद्र फार लांब. ती म्हणाली, "मंग मी त्या दिवशी झोपीन." आणि हसली. वनमालाबाई म्हणाल्या, झोप बापा, आमी तुह्या वाट्याचा वेचतो.

मी कोणाला थांबवलं नाही. मात्र त्या कोऱ्या जागेच्या अगदी खाली मी एक ओळ छापून घेतली आहे, जाड अक्षरात. बस संध्याकाळी सहाला सुटेल, कोणासाठी थांबणार नाही. दिवस तुझा आहे जुबेदा. सहा माझे.